तणसीखालची सवत

मी मोटार बोलते आहे. हसताय ना? हसा. तुम्ही माणसं बोलता तेव्हा मी कधी हसले नाही, एवढं मात्र ध्यानात असू द्या. मोटारीनं हँडल मारलं की गुरगुरावं, ब्रेक दाबला की थांबावं आणि बाकी वेळ मुकाट उभं राहावं, असा तुमचा समज. पण मला नऊ वर्षं तणसीखाली गाडून ठेवलं होतं. तणस म्हणजे धानाचा पेंढा. एवढी वर्षं तोंडात पेंढा कोंबून कुणाला उभं करा आणि मग सोडा; तो पहिल्यांदा बोलेल आणि मग पळेल. मला पळता येत नाही, म्हणून नुसतीच बोलते.

माझं शिक्षण बेताचं. पाठीवरच्या पाटीवर चार आकडे होते, तेवढंच अक्षरज्ञान. नाकावर कंपनीच्या नावाची पितळी चकती होती, ती कुणीतरी उपटून नेली, त्यामुळे माझं आडनाव मलाच ठाऊक नाही. विलायतेत जन्मले, बोटीनं मुंबईला उतरले आणि रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाबरोबर गोंदियाला आले, इतकं पक्कं.

साहेबाला वाघ मारायचा होता. दर थंडीत तो मला घेऊन जंगलात शिरायचा, मचाणावर चढायचा, वर छान झोप काढायचा आणि रिकाम्या हातानं उतरायचा. मायदेशी मात्र कळवायचा, आणखी एक लोळवला म्हणून. सत्तेचाळीस साल आलं, साहेबाची निघायची वेळ झाली, आणि त्याच्या लक्षात आलं की घरचे लोक स्टेशनवरच विचारतील, कातडं कुठं आहे?

कातडं होतं उदेभान मालगुजाराच्या बैठकीत. सडक अर्जुनीहून नवेगाव बांधाकडे जाताना एक गाव लागतं, त्या गावचा हा धनी. वाघ त्याच्या बापानं मारलेला. दोघांचं जमलं. साहेब कातडं घेऊन बोटीत बसला, मी उदेभानाच्या दारात येऊन उभी राहिले. म्हणजे माझी किंमत एक मेलेला वाघ, तोही दुसऱ्याच्या बापानं मारलेला. असो. लग्नात याहून वाईट सौदे झालेले मी पाहिले आहेत.

उदेभान माणूस चांगला, पण मिरवण्याची भारी हौस. माझा भोंगा वाजला की वाटेवरचे बैल उधळायचे, गाडीवान शिव्या घालायचे, आणि हा मागे टेकून मिशीला हात लावायचा. लोकांनी बाहेर यायला हवं म्हणून गावाच्या अलीकडेच मला थांबवायचा आणि रेवारामला पुढे चालत धाडायचा, मालक येताहेत हे सांगायला. गाडी असून ड्रायव्हर पायी, अशी ही शान.

रेवाराम माझा ड्रायव्हर. हाडकुळा, शब्दांचा कंजूस. पण माझ्या पोटात कुठं दुखतं ते त्याला माझ्याआधी कळायचं. चढावर तो मला हळूच म्हणायचा, चल वो बाई, आणि मी चढायची. मला उभं राहणं कधीच सोसलं नाही. दारात चार दिवस गेले की चाकांना मुंग्या यायच्या. तो ओळखायचा आणि मालकाला सांगायचा की इंजिन जाम होईल, फिरवून आणतो.

आणि घरात होत्या सुलोचनाबाई, उदेभानाच्या मंडळी. त्या माझ्यात बसल्या की पहिल्याच वळणाला त्यांचं पोट ढवळायचं. मालक मला रोज फडक्यानं पुसायचा, कधी गुणगुणायचाही. ते पाहून त्या शेजारणींना सांगायच्या, ही मोटार नाही, माझी सवत आहे. बरोबरच होतं. त्यांच्यासाठी तो कधी गुणगुणलेला मी तरी ऐकला नाही.

तर अशी चार वर्षं मजेत गेली आणि एकावन्न साल उजाडलं. मालगुजारी मोडली.

तहसिलीतून बातम्या यायला लागल्या. गावचा तलाव सरकारचा. जंगल सरकारचं. पडीक रान सरकारचं. मोहाची झाडं, ज्यांना उदेभानाच्या आज्यानं मोजून घरातल्या पोरांसारखी नावं दिली होती, तीही सरकारची. उदेभान ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. मग त्यानं एक हिशेब केला. तुम्हाला हसू येईल, पण तलाव गेलेल्या माणसाला विचारून मग हसा. त्यानं रेवारामला माझ्याजवळ बोलावलं.

“तलाव जागचा हलत नाई, तरी नेला,” तो म्हणाला. “हे तर चाकावर हाये. हे काऊन सोडतीन?”

आता सांगते, माझ्यासाठी सरकारातून कुणीही आलं नाही. ना तेव्हा, ना नंतर. कुणाच्या ध्यानीमनीही मी नव्हते. पण भीतीला कुठं कागद लागतो?

धुळवडीचा दिवस निवडला. सकाळी सगळ्या गावादेखत रेवाराम मला भोंगा वाजवत मोठ्या सडकेनं घेऊन निघाला. मालकानं चावडीवर सांगून टाकलं की मोटार रायपूरला दुरुस्तीला पाठवली. गावात बकाराम म्हणून एक शेतकरी आहे. त्याच्या पोटात एकही गोष्ट राहत नाही. तो रंगानं माखून सडकेच्या कडेला नाचत होता, त्यानं मला हात केला. दुपारी गाव मोहाच्या दारूत गार पडलं होतं, तेव्हा जंगलातल्या बैलगाडीच्या वाटेनं आम्ही मागनं परत आलो, थेट मालकाच्या तणसीच्या कोठ्यात. बाईही घरी नव्हत्या, नदीवर गेलेल्या. मालकानं स्वतः तणस ओढली. जन्मात पहिल्यांदा तो घामाघूम झालेला मी पाहिला.

तेवढ्यात रेवारामची पोर चमेली बापाची भाकर घेऊन दारात उभी. मालक दचकला. बाहेरच्या उन्हातून तिला आत काही दिसलं नव्हतं, मी तोवर गळ्यापर्यंत बुडाले होते. पण त्यानं रेवारामला तिच्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं, की मालक सांगेपर्यंत मी कोण्याही माणसाला सांगणार नाही. रेवारामची दोन लेकरं आधीच गेली होती. उरलेली ही एकच. त्यानं हात ठेवला. एवढं मी पाहिलं. मग माझ्या डोळ्यांवरही तणस आली.

मालकाचा बेत साधा होता. साल-दोन सालांत सरकार दुसऱ्या कामाला लागेल, मग मला बाहेर काढायचं, रायपूरहून परत आली म्हणून. पण त्याच उन्हाळ्यात त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं, बोली गेली. आता सांगणार कोण?

अंगणात त्याची खाट टाकलेली असायची. कोठा समोरच. डावा हात उचलून तो दिवसभर कोठ्याकडे दाखवायचा, घशातून आवाज काढायचा. मी आतून ऐकत होते. निदान माझी एखादी काच फुटून आवाज झाला असता तर बरं, असं व्हायचं.

सुलोचनाबाईंनी फार विचार केला. नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं, कोठ्याकडे पाहिलं, आणि त्यांना उमगलं की मालकांना तणसीची काळजी लागली आहे. आमच्याकडे घरची पत बघायची झाली तर लोक तिजोरी बघत नाहीत, तणसीची उंची बघतात. ज्याची तणस तळाला लागली त्याचं घर तळाला लागलं. तलाव गेला, जंगल गेलं, आता निदान कोठा तरी भरलेला राहू दे, हेच त्यांना म्हणायचं असणार. बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन वचन दिलं की हा कोठा मी रिकामा होऊ देणार नाही. आणि आणखी चार गाड्या तणस आणून माझ्या डोक्यावर रचली.

मालकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंना वाटलं, समाधानाचं.

श्रावणात तो गेला. रेवाराम शेवटी खाटेजवळ उभा होता. मालक त्याच्याकडे टक लावून पाहत होता. सांग म्हणतोय की सांगू नको म्हणतोय, ते काही रेवारामला कळलं नाही. ज्याची बोलीच गेली त्याच्याकडून शपथ कशी सोडवायची?

पुढचं तुम्हीच जुळवू शकाल, पण मला सांगायची हौस आहे. मोटार दुरुस्तीला गेली, ती आलीच नाही. नेली कुणी? रेवारामनं. बकारामनं डोळ्यांनी पाहिली. मग ती रायपूरला विकून खाल्ली असणार. बकारामनं दर बाजाराला ही गोष्ट थोडी वाढवली. पाचव्या बाजाराला तर माझं गिऱ्हाईक कोण, त्याची मिशी कशी, हेही तो सांगायला लागला. बाईंनी रेवारामला वाड्यातून काढून टाकलं. मोटार गेल्याचं त्यांना दुःख नव्हतं, खरं सांगायचं तर सवत टळली म्हणून बरंच वाटलं होतं. पण मेलेल्या माणसाला फसवलं, हे त्या विसरेनात.

रेवाराम ठेकेदाराकडे बांबू तोडायला लागला. तो रस्त्यानं निघाला की मागून कुणीतरी तोंडानं भोंगा वाजवायचं. मोठी, शहाणी, जावई असलेली माणसंही वाजवायची. मी तणसीत दात खायची. मला वाजवता येत होता तो खरा भोंगा, आणि त्याच्या रबरी फुग्यात उंदरीण बाळंत झाली होती.

दर साली धान चुरून, म्हणजे मळून झालं, नवी तणस आली की तो यायचा. कोठ्याच्या दारात उभा राहून म्हणायचा, बाई, आधी जुनी काढा, खालची सडते. एवढंच. बाईंना वाटायचं, हा आमची तणस तळाला लावायला निघालाय. त्या म्हणायच्या, तुझ्या बापाची आहे का? आणि जुन्यावर नवी चढायची. मला वरचं ओझं वाढलेलं कळायचं आणि त्याची पावलं लांब गेलेली कळायची.

चमेली मोठी झाली. हसरी, जिभेनं तिखट, आणि डोक्यानं बापाच्या दुप्पट. बकारामचा पोरगा तिच्यासाठी वेडा झाला होता, तिलाही तो पसंत. रेवाराम धोतर धुऊन, नीट नेसून बकारामकडे बोलणी करायला गेला. बकारामनं त्याला चावडीत नेऊन चार माणसांत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला,

“पोट्टी सोन्यासारखी हाये गा. पण तुनं मोटार खाल्ली. चोराच्या घरची पोट्टी माह्या घरात कशी आनू?”

रेवाराम पाणी न पिता उठला. घरी जाऊन जो खाली बसला तो चार दिवस कामाला गेला नाही. जेवणही सोडलं. चमेलीनं विचारलं, तुम्ही खरंच विकली का? त्यानं मान हलवली. मग कुठं आहे? त्यानं तिच्या डोक्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पण तोंड फिरवलं ते मालकाच्या कोठ्याच्या दिशेनं. माणसाचं तोंड गप्प बसतं, मान बसत नाही.

पोरीच्या डोक्यात काहीतरी टिकटिकलं. मालक मरताना हात कुठं करायचे? कोठ्याकडे. बाप दर साली कुठं जाऊन उभा राहतो? कोठ्याजवळ. लहानपणी धुळवडीला त्यानं आपल्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, ती कुठं? कोठ्यातच. दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी धान कांडायला गेली असताना तिनं एक लांब बांबू उचलला आणि मागच्या फटीतून तणसीत खुपसला. तो येऊन लागला माझ्या मडगार्डवर. ठण्ण! तुम्हाला सांगते, एवढ्या वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता. मी आनंदानं थरथरले. निदान मला तसं वाटलं. उंदीर तरी नक्की पळाले.

आता दुसरी कुणी असती तर ओरडत सुटली असती. चमेली तिथंच बसून विचार करायला लागली. आपण सांगितलं तर बाप म्हणणार शपथ मोडली, आता पोरीचं काही खरं नाही, आणि त्या धसक्यानंच मरणार. शिवाय चोराच्या पोरीचं ऐकून बाई वचनाची तणस उपसणार थोड्याच? म्हणजे सांगायचं कुणीच नाही, पण पाहायचं सगळ्यांनी. ती गालात हसली. ते हसू मी ओळखते. मीही पूर्वी चिखल पाहून तशीच हसायची, शेजारून पांढरं धोतर चाललेलं असलं की.

त्या साली बाईंच्या मुन्नालालनं, म्हणजे मुलानं, गावात शंकरपट भरवायचं ठरवलं होतं. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. मालगुजारी होती तेव्हा दर साली व्हायचा, मग बंद पडला. आमच्या गावची रीत अशी, की पट भरवणाऱ्या घरानं आलेल्या प्रत्येक जोडीला तणस घालायची. उपाशी जोडी दारातून गेली तर घराचं नाक गेलं. बाईंनी हिशेब धरला होता, येतील पंधरावीस जोड्या. वरवरची तणस पुरेल.

चमेली बाजाराच्या दिवशी नवेगाव बांधला गेली. ढिवरांच्या बाया मासे घेऊन बसल्या होत्या, त्यांच्यापाशी टेकली. म्हणाली, आमच्या मालकीणबाई औंदा जोडीमागं दोन भारे तणस घालणार आहेत, कुणाला सांगू नका. मग सडक अर्जुनीला ढाब्यावर ट्रकवाल्यांना हेच सांगितलं, तेही कुणाला सांगू नका म्हणून. बस्स. कुणाला सांगू नका म्हटलेली गोष्ट माझ्यापेक्षा जोरात पळते, आणि तिला पेट्रोल लागत नाही.

पटाच्या सकाळी मला घुंगरं ऐकू यायला लागली. आधी थोडी. मग जास्त. मग इतकी, की वरची तणसच वाजतेय असं वाटायला लागलं. चहू वाटांनी जोड्या येत होत्या, बालाघाटकडच्यासुद्धा. मुन्नालालच्या तोंडचं पाणी पळालं. तो आईला म्हणाला की आता पुरे, परत पाठवू.

बाई कोठ्याच्या दारात उभ्या होत्या. एकीकडे नवऱ्याला दिलेलं वचन, दुसरीकडे त्याच्याच घराची अब्रू. आतून माझा जीव टांगणीला. त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, “तणस घाला. त्याहीनं कोनाले उपाशी लावून देल्लं नोतं.”

भारे निघायला लागले. माझ्यावरचं ओझं हलकं होत गेलं, तसा धीर सुटत गेला. या वर्षीची तणस गेली, गेल्या वर्षीची गेली, त्याखालची पिवळी, त्याखालची करडी. अरे, लवकर! चाकं सडली होती, तरी मातीत वळवळत होती. आणि सगळ्यात जोरात कोण उपसत होतं म्हणता? बकाराम. स्वतःची जोडी आणली होती, आणि फुकटची तणस म्हटल्यावर गडी कंबरेपर्यंत आत शिरला होता. त्यानं एक मोठी कवळ धरून ओढली, ती निघेना, म्हणून आणखी आत हात घातला, आणि त्याच्या हाती लागला माझा दिवा. वाटोळा, गार, काचेचा. त्यानं चेहरा जवळ आणून पाहिलं. आतून मीही पाहिलं. नऊ वर्षांनी पहिला माणूस दिसला तर तो बकाराम. नशीब माझं.

तो मागच्या मागे बसला. “मोटार,” एवढंच म्हणाला. एवढं कमी तो जन्मात बोलला नव्हता.

मग सगळेच धावले, सगळ्यांनी ओढली, आणि मी उजेडात आले. टप कुजलेला, गाद्यांची उंदरांनी केलेली धर्मशाळा, अंगावर नऊ सालांचा गाळ. पण मीच होते. पाटीवरचे चार आकडे अजून शाबूत होते.

बाई जवळ आल्या. बोनेटवर हात ठेवला. मग अंगणात जिथं खाट असायची तिकडे वळून पाहिलं, आणि परत माझ्याकडे पाहिलं. त्यांनी रेवारामला बोलवायला धाडलं. तो आला, मला पाहिलं, आणि चमेली जिवंत उभी आहे ना ते आधी पाहिलं.

“काऊन नाई सांगतलं गा?” बाईंनी विचारलं.

“मालकानं पोट्टीच्या डोक्यावर हात ठेवाले लावला होता.”

बाई खाली बसल्या, तिथंच, मातीत. त्यांना कुणी तशा बसलेल्या पाहिल्या नव्हत्या. म्हणाल्या, “ते मोटार दाखवत होते. अन् मी तनस रचत बसली.” मग उठल्या, मुन्नालालच्या हातातली पटाची झेंडी घेतली आणि रेवारामच्या हातात दिली. आमच्याकडे पहिली झेंडी घराचा धनी दाखवतो. सगळ्या जोडीवाल्यांदेखत त्या म्हणाल्या की आज ही रेवारामच दाखवेल, आणि ज्यानं ज्यानं याच्यामागे भोंगा वाजवला त्यानं आपली जोडी त्याच्यापुढून मान खाली घालून न्यावी. बऱ्याच माना खाली गेल्या. काही बैलांच्याही गेल्या, पण ते बिचारे निरपराध.

बकाराम त्याच दिवशी लग्नाचं बोलायला रेवारामकडे आला. दारात चमेलीच आडवी आली आणि म्हणाली की जे चावडीत म्हटलं ते चावडीतच फिरवा, तेवढ्याच माणसांत. त्यानं फिरवलं. फाल्गुनात लग्न झालं.

आता माझं काय, म्हणाल. नागपूरचा एक माणूस येऊन गेला. असल्या जुन्या, झाकून विसरलेल्या मोटारी विकत घ्यायला तो गावोगाव हुडकत फिरतो म्हणे. कुठं गोठ्यात, कुठं गोदामात, कुठं कोंबड्यांखाली. मला बघून त्याला आनंदाचं भरतं आलं. बाईंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तर तुम्हालाही एक सांगते, आणि हे थट्टेनं नाही. आपल्या माणसाला बोलता येत नसेल आणि तो कशाकडे हात करत असेल, तर वरवरचं पाहून हो म्हणू नका. उपसून पाहा. आणि कुठं कुणी माझ्यासारखं झाकून ठेवलेलं आढळलं, तर त्याला उजेडात आणा. झाकलेल्याला गंज इतका खात नाही, जितकं उभं राहणं खातं.

रेवाराम परत कामाला आहे. महिनाभरापासून तो माझ्याखाली पाठीवर पडून असतो. गोंदियाहून टायर आणले, नळ्या साफ केल्या, उंदरांना घर बदलायला लावलं. आज सकाळी त्यानं पेट्रोल ओतलं आणि हँडल मारलं. काही नाही. परत मारलं. माझ्या छातीत काहीतरी लागलं, मी एकदा खोकले, असा काळा धूर सोडला की बघायला आलेलं अर्धं गाव कुंपणापलीकडे पळालं, मुन्नालाल सगळ्यात पुढे. आणि मी पुन्हा बंद पडले.

मागच्या सीटवर सुलोचनाबाई बसल्या होत्या. धूर त्यांच्याही नाकातोंडात गेला होता. त्या उतरल्या नाहीत. पदरानं डोळे पुसून पुढं वाकल्या.

“रेवाराम,” म्हणाल्या, “मार आनखी.”